सेव्ह केलेले लेख जातात कुठे?

फोनचं काय करू? : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले मेसेज बघितले तर निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं एकच, फोनवर दिसलेला लेख नंतर वाचायला ठेवायचा कसा आणि ठेवला तर सापडायचा कसा. म्हणून अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बाकीच्यांनी (बॅटरीवाले काका, तुम्हीपण) पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

ताई, मी शिक्षिका आहे. पाच-सहा वर्षं एका ॲपमध्ये लेख सेव्ह करत होते, मुलांचं वाचन, भाषा कशी शिकवायची असले, नऊशेच्या आसपास झाले असतील. ते ॲपच बंद झालं. आधी मेल आला होता म्हणे, पण मी तो जाहिरात समजून उडवला. सगळं गेलं का? आणि आता कुठलं घेऊ, जे बंद पडणार नाही? – कॉलेज रोड

बंद पडणार नाही असं ॲप मला तरी माहीत नाही. गुगल रीडर होतं, वेगवेगळ्या साईटचे नवे लेख एका जागी दाखवणारं, ते १ जुलै २०१३ ला गेलं. ऑम्निव्होर नावाचं फुकट आणि खरंच छान ॲप होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरात गेलं. आणि नंतर वाचायला ठेवायच्या ॲपमधला थोरला भाऊ म्हणजे पॉकेट, २००७ साली 'रीड इट लेटर' नावाने सुरू झालं, २०१२ मध्ये नाव बदललं, २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने विकत घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं चला आता काळजी मिटली, आणि ८ जुलै २०२५ ला ते पण बंद. म्हणजे अठरा वर्षं. या धंद्यात अठरा वर्षं म्हणजे पिकलं पान. आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून चालू आहे, हे मी आपलं उगीच मध्ये सांगतेय, नाशिककर म्हणून.

पण पॉकेटच्या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग पुढचा आहे. बंद करताना त्यांनी लोकांना आपापला डेटा उतरवून घ्यायला काही महिने दिले होते, लोकांनी फाईल उतरवली, उघडून बघितली, तर आत काय? लेखाचं नाव, लिंक, तुम्ही लावलेले टॅग आणि सेव्ह केल्याची तारीख. लेख नाहीच! लेख कधी त्या यादीत नव्हताच, यादीत होते फक्त पत्ते. जुन्या नाशकातला एखाद्या वाड्याचा पत्ता तुमच्या वहीत लिहिलेला असतो, तुम्ही दहा वर्षांनी जाता आणि तिथे बिल्डरची पाटी, तसं. आणि हे क्वचित होतं असं समजू नका, अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासून सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपेजपैकी ३८ टक्के पेजं दहा वर्षांनी उघडतच नव्हती.

तर आता तुमचं. आधी मेलच्या ट्रॅशमध्ये जा, जीमेलमध्ये उडवलेला मेल ३० दिवस राहतो, सापडला तर त्यात एक्स्पोर्टची, म्हणजे डेटा उतरवून घ्यायची शेवटची तारीख दिलेली असेल, ती गेली नसेल तर आजच्या आज फाईल उतरवा, स्वयंपाक नंतर. तारीख गेली असेल तर मग जे लेख खरंच आठवतायत तेवढेच शोधा. नऊशेपैकी किती आठवतायत ते कागदावर लिहून बघा, चाळीसच्या वर गेलात तर मला कळवा. लेखाची जुनी लिंक कुठे मिळाली, कुणाला पाठवलेली असते ना आपण व्हॉट्सॲपवर, आणि ती उघडत नसेल तर ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा. तिथे जुन्या पानांच्या प्रती ठेवलेल्या असतात, सगळ्याच पानांच्या नाही पण पुष्कळ. मला तिथे असे लेख मिळालेत की ज्यांची मूळ साईट आता साड्या विकते.

नवीन ॲप म्हणाल तर इन्स्टापेपर २००८ पासून टिकून आहे, नुसतं निवांत वाचायला ते बरं, मधल्या जाहिराती वगैरे काढून टाकतं. विषयवार कप्पे करायचे असतील तर रेनड्रॉप, फुकटात हव्या तेवढ्या लिंका ठेवता येतात, पण पानाची कायमची प्रत हवी असेल तर तिथे पैसे लागतात, हे नीट वाचून घ्या. खरं सांगायचं तर कुठलंही घ्या, फक्त घेतल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोर्ट कुठे आहे ते शोधा. नसेल तर ॲप काढून टाका, कितीही गोड दिसत असलं तरी. आणि वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, ती फाईल उतरवून ड्राईव्हवर टाकायची.

आणि जो लेख गेला तर जीव हळहळेल असा आहे त्याची तिथल्या तिथे पीडीएफ. क्रोममध्ये लेख उघडायचा, शेअर, मग प्रिंट, मग 'सेव्ह ॲज पीडीएफ'. प्रिंट शब्दाला घाबरू नका, कागद कुठूनही बाहेर येत नाही. माझ्या सासूबाईंनी प्रिंटर कुठे ठेवलाय म्हणून दोनदा विचारलं होतं.

हे सगळं शहाणपण मला पण उशिरा आलं. माझं पण एक ॲप असंच गेलं (नाव घेत नाही), चौदाशे लिंका, आणि मी त्यातल्या एकाही लेखाची प्रत ठेवली नव्हती. आठवडाभर चिडचिड केली. नंतर लक्षात आलं की मी रडतेय ते फक्त सहा लेखांसाठी.

मी रोज पंचवटीने मुंबईला जातो. सकाळी वाचायचं म्हणून लेख ठेवतो आणि इगतपुरी सोडली की नेटवर्क गुल, पांढरी स्क्रीन. काही उपाय? – एक पासधारक, नाशिकरोड

दादा, घाटाला उपाय नाही, बोगद्याला पण नाही, पण पांढऱ्या स्क्रीनला आहे. तुम्ही बहुतेक लेख टॅबमध्ये उघडे ठेवून निघत असणार. फोनला दुसरं काम पडलं की तो ते टॅब सोडून देतो आणि तुम्ही परत आलात की नव्याने नेट मागतो.

अँड्रॉइडवर क्रोम असेल तर लेख उघडून वरचे तीन ठिपके, त्यात खाली जाणारा बाण आहे तो दाबा, पान फोनमध्ये उतरतं, मग डाउनलोड्समध्ये जाऊन कसाऱ्याच्या बोगद्यात पण वाचा. आयफोन असेल तर सफारीची रीडिंग लिस्ट, पण सफारीच्या सेटिंगमध्ये ते आपोआप ऑफलाइन सेव्ह करायचं बटण आहे ते चालू करावं लागतं, ते बऱ्याच जणांचं बंदच असतं. इन्स्टापेपरसारखं ॲप असेल तर रात्री घरच्या वायफायवर ते एकदा उघडून मिनिटभर तसंच ठेवा, कारण नुसतं 'सेव्ह' दाबल्याने लेख लगेच फोनमध्ये येतोच असं नाही, ॲप उघडल्यावर येतो.

आणि झोपायच्या आधी एरोप्लेन मोड लावून एक लेख उघडून बघायचा. उघडला तर सकाळी पण उघडेल. पासधारकांच्या डब्यात वाचायला कुणी देतं का हा वेगळा प्रश्न, त्यावर माझ्याकडे ॲप नाही.

माझे वय ७४. गोदावरीविषयी जे जे छापून येते ते मी मोबाईलमध्ये जमा करतो, विशेषतः पुरांविषयी. नातवाने गुगल ड्राईव्हमध्ये फोल्डर करून दिले आहे. त्यात ई-पेपरची कात्रणे, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर आलेले लेख असे साडेतीनशे झाले. परंतु शोधायला गेलो की सापडत नाही. 'पूर' असे टाकले तर पाच-सहाच दिसतात. माझे काही चुकते आहे का? – पंचवटी

काका, तुमचं काही चुकत नाहीये, चूक असलीच तर आपल्या भाषेच्या श्रीमंतीची आहे. आणि तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चष्मा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुम्ही 'पूर' शोधता पण लेखात लिहिलेलं असतं पुराचं पाणी, पुरामुळे, महापुरात. आपल्याला ते एकच वाटतं, पण यंत्र अक्षराला अक्षर लावून बघणारं असेल तर त्याच्या दृष्टीने दीर्घ पू वेगळा आणि ऱ्हस्व पु वेगळा, शब्दच वेगळा. इंग्रजीत फ्लड सगळीकडे फ्लडच राहतो, आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचं तोंड बदलतं. म्हणून शोधताना 'पुरा' टाकून बघा, 'महापु' टाकून बघा, किंवा सरळ असा शब्द टाका जो पुराच्या बातमीत हमखास असतोच. आपल्याकडे तो शब्द कुठला हे तुम्हाला मी सांगायला नको, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती! नाशिकच्या पुराची बातमी आणि त्यात मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते नाही असं होतच नाही. 'दुतोंड्या' टाका, बघा किती निघतात.

दुसरी गोष्ट, ई-पेपरचं कात्रण हा फोटो असतो. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, फोनला दिसतात ते काळे-पांढरे ठिपके. गुगल लेन्सने त्यातला मराठी मजकूर उचलता येतो, बऱ्यापैकी बरोबर येतो, जोडाक्षरात कधीकधी गोंधळ घालतं. साडेतीनशेचं करत बसू नका, फार होईल. फक्त फाईलचं नाव बदला. आत्ता तुमच्या फायलींची नावं 'आयएमजी' आणि पुढे बारा आकडे अशी असणार. त्याऐवजी आधी साल, मग विषय, मग जागा, '२००८ पूर गोदाघाट', '१९६९ पूर आठवणी सराफ बाजार' असं. आकडा आधी लिहिला की फोल्डर आपोआप सालवार लागतं. रोज दहा केलीत तर पाच आठवड्यांत संपतं, आणि नावात शब्द तुम्हीच घातलेला असल्यामुळे तो कसा लिहिलाय हे तुम्हाला माहीत असतं.

तिसरी गंमत जुन्या पीडीएफची. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत, ती सगळीकडे रुळायच्या आधी मराठी टायपिंग श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये व्हायचं, काही ठिकाणी अजून होतं. त्या पीडीएफमध्ये डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी भरलेली असते, त्यातली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून बघा, हसायला येईल. अशा फाईलमध्ये शोधून काहीही मिळणार नाही, जन्मात नाही. तिथेही नाव बदलणं हाच उपाय.

एक बारीकसं अजून, नातवासाठी. 'ॲप' हा शब्द कीबोर्डवरून दोन तऱ्हेने टाईप होतो, एकात ॲ हे एकच अक्षर असतं आणि दुसऱ्यात अ वर चंद्र वेगळा ठेवलेला असतो. दिसायला सारखे, पण शोधताना कधीकधी एकाला दुसरा सापडत नाही. त्यामुळे फायलींना नावं देताना असले शब्द टाळलेलेच बरे, आणि एकदा 'गोदावरी' ठरलं की मग मध्येच 'गोदा' किंवा 'गंगा' नको. आपण घाटावर जाताना गंगेवर जातो म्हणतो ते ठीक, फोल्डरमध्ये काशीची गंगा घुसेल.

आणि काका, व्हॉट्सॲपवर आलेल्या लेखांच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख असेल तर तेवढी जपा. बऱ्याचदा फॉरवर्ड होताना तेच कापलेलं असतं. तुमचं काम मोलाचं आहे, आणि ते एकट्या तुमच्या खात्यात आहे, तेव्हा त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राईव्हवर, आणि पासवर्ड नातवाकडे.

पैसे भरून वाचायचा लेख पीडीएफ करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर चालतं का? सगळेच टाकतात. – इंदिरानगर

नाही चालत. स्वतःपुरता ठेवा, ग्रुपवर लिंक टाका आणि दोन ओळीत काय आहे ते तुमच्या शब्दात सांगा. ज्याला वाचायचं तो वाचेल, बाकीचे तसेही अंगठा दाखवून मोकळे होणार आहेत.

ताई, मला सेव्ह करायला जमतं, वाचायलाच जमत नाही. ४०० च्या वर लेख झालेत. ते आकडे बघून छातीत धस्स होतं. टॅग लावले, रंग लावले, फोल्डर केले, तरी तेच. दुसरं ॲप सुचवा. – सिडको

नाही सुचवत. तुम्हाला ॲप नकोय, तुम्हाला माळा साफ करायचाय.

टॅग आणि रंग लावणं हे पण एक पळणंच आहे हो, वाचायच्या ऐवजी आवरत बसायचं. मी पण केलंय, एक अख्खा रविवार फोल्डरांना चित्रं लावत बसले होते. एक करून बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं सगळं न बघता अर्काइव्हमध्ये ढकला. डिलीट नको, मन होत नाही, अर्काइव्ह. नजरेआड झालं की धस्स होणं थांबतं, आणि लागलंच तर शोधून मिळतं. मग समोर जे उरतील त्यांना वाचायची जागा ठरवा. वेळ ठरवू नका, वेळ कुणाची पाळली जाते? जागा ठरवा. माझी जागा म्हणजे मुलीच्या क्लासच्या बाहेरची गाडी, पाऊण तास, तिथे मी रील बघत नाही, सेव्ह केलेलं वाचते. घरी मी काहीही वाचत नाही आणि त्याचं मला वाईट पण वाटत नाही.

रेसिपी मात्र या हिशोबातून वगळा. त्या वाचायच्या नसतातच, त्या असतात. माझ्याकडे उपासाच्या पदार्थांच्या पस्तीस आहेत आणि दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते.

आमची द्राक्षबाग आहे. मी फवारणी, छाटणी, खताचे लेख आणि पीडीएफ मोबाईलमध्ये ठेवतो. वडील म्हणतात मोबाईल बघून शेती होत नाही. तरी नीट कसे ठेवावे? – दिंडोरी

वडिलांशी मी भांडणार नाही, पण तुमचं पण बरोबर आहे. फक्त वर कॉलेज रोडच्या ताईंना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं मी तुम्हाला सांगणार आहे, तेव्हा गोंधळू नका.

तुमच्याकडे दोन जातीचा मजकूर आहे. एक जुना न होणारा, म्हणजे खरड छाटणीनंतर काडी कशी तयार होते, घड कसा सुटतो, वेलीचं शास्त्र. याची पीडीएफ करून ठेवा, ती दहा वर्षांनी पण कामाची. दुसरा दर हंगामाला बदलणारा, म्हणजे कुठलं औषध चालतं, किती प्रमाण, काढणीच्या आधी किती दिवस बंद, तुमच्या भाषेत पीएचआय. याची प्रत ठेवू नका! निर्यातीचा माल असेल तर अनेक्शर ५ तुम्हाला माहीतच आहे, द्राक्षात वापरायला शिफारस असलेल्या औषधांची यादी, ती सुधारून निघत असते. फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीची यादी पडलेली असते, घाईत तीच उघडते, वर तारीख कोण बघतं, आणि मग रेसिड्यू रिपोर्टमध्ये, म्हणजे मालात औषधाचा किती अंश उरलाय त्या तपासणीत, नको ते नाव येतं. अशा गोष्टीचा पत्ताच ठेवायचा, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साईटची लिंक होम स्क्रीनवर टाका, आणि फवारणीच्या आधी दरवेळी तिथूनच ताजी यादी उघडा. क्रोमच्या तीन ठिपक्यात 'ॲड टू होम स्क्रीन' आहे, ॲपसारखं चिन्ह तयार होतं.

फोल्डर करताना विषयाने करू नका, बागेच्या वेळेने करा. 'बुरशीनाशके' असं फोल्डर केलंत तर त्यात शंभर फायली होतील आणि ढगाळ वातावरणात, हातात मजूर थांबलेले असताना, तुम्ही त्यात शोधत बसाल. त्यापेक्षा एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी असे दोन मोठे कप्पे, आणि ऑक्टोबरच्या आत घडाच्या वाढीच्या एकेका पायरीचा छोटा कप्पा, पोंगा, दोडा, फुलोरा, मणी सेटिंग, पाणी उतरणे. तुम्ही तसंही छाटणीपासून दिवस मोजूनच बोलता, मग फोन पण तसाच लावा. डाउनी हा बुरशीचा रोग फुलोऱ्याच्या आसपास पावसात डोकं वर काढतो, तर त्याचा लेख फुलोऱ्यात, आणि दुसरा बुरशीचा रोग भुरी, त्याचा पुढे.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेलं जपून. स्वतःलाच मेसेज करायची सोय व्हॉट्सॲपने २०२२ च्या शेवटी दिली, तिथे सटासट फॉरवर्ड करून ठेवलेलं मी बऱ्याच शेतकऱ्यांच्या फोनमध्ये बघितलंय, सोपं आहे, पण तिथे खतावर औषध आणि औषधावर लग्नाची पत्रिका. आठवड्यातून एकदा त्यातलं कामाचं उचलून फोल्डरमध्ये टाका. आणि ज्या डोसच्या खाली कुणी सांगितलं ते लिहिलेलं नाही, तो ठेवूच नका.

आता वडिलांचं. माझा अंदाज आहे की तुमच्या घरात एक वही आहे, कुठल्या सालात कधी छाटणी केली, कितव्या दिवशी पाऊस आला, काय मारलं आणि माल कसा निघाला. ती तुमच्या बागेची आहे, तुमच्या मातीची, तसला लेख कुठल्याही साईटवर मिळणार नाही, आणि तिची प्रत बहुतेक कुणीच काढलेली नसेल. पान-पान फोटो काढा, 'साल २०१९ पान ४' असं नाव द्या, ड्राईव्हवर टाका. आज संध्याकाळीच काढा, ती वही शेडमध्ये औषधांच्या बाटल्यांशेजारी ठेवलेली असते.